सूचनावहींतील कोरा रकाना

सार्वजनिक ग्रंथालयांत देवघेवीच्या टेबलाजवळ दोऱ्यानें बांधून ठेविलेली एक वही पुष्कळ गांवीं आढळते. तिच्यावर 'सूचना व तक्रारी' असे शब्द असतात. आंत काय असतें तें ज्यास सवड असेल त्यानें एकदां चाळून पाहावें. वाचनालय रात्रीं आठ वाजतां बंद होतें, तें नवापर्यंत उघडें कां ठेवीत नाहींत? अमुक कादंबरी चार महिने एकाच सभासदाकडे कशी राहते? बालविभागाचीं पुस्तकें मुलांचा हात न पोंचेल अशा फळीवर कां? अनामत परत मागितली असतां सहीसाठीं दोन दोन आठवडे खेटे कां घालावे लागतात? जिना चढवत नाहीं अशा वृद्धांनीं काय करावें? पानाच्या उजव्या अंगास 'उत्तर' असें शीर्षक देऊन एक रकाना आंखलेला असतो, आणि बहुतेक ठिकाणीं तो कोरा असतो. या कोऱ्या रकान्याविषयीं आज आम्हांस लिहावयाचें आहे.

विषय क्षुल्लक आहे, देशापुढें याहून मोठे प्रश्न पडले आहेत, असें कोणी म्हणतील. त्यांस आमचें विचारणें इतकेंच कीं, ज्या नागरिकास आपल्याच गांवच्या वाचनालयाकडून एका लेखी प्रश्नाचें लेखी उत्तर मिळवितां येत नाहीं, तो नगरपालिकेकडून किंवा विधिमंडळाकडून तें कोणत्या बळावर मिळविणार? महाराष्ट्रांत शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयें अकरा-बारा हजारांच्या घरांत आहेत. इतक्या ठिकाणीं रोज प्रश्न विचारले जावे आणि ते तसेच पडून राहावे, ही गोष्ट आम्हांस क्षुल्लक वाटत नाहीं.

हीं ग्रंथालयें कशीं जन्मास आलीं तें येथें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. कारण चालक आणि वाचक या दोघांसही त्याचा विसर पडलेला दिसतो. रत्नागिरीचें वाचनालय १८२८ सालचें, नाशिकचें १८४० सालचें, पुण्याचें नगर वाचन मंदिर १८४८ सालचें. त्या काळच्या कित्येक वाचनालयांच्या स्थापनेस इंग्रज अधिकाऱ्यांचा हात लागला होता ही गोष्ट खरी. परंतु पुढें तीं टिकलीं तीं गांवांतील वकील, शिक्षक, कारकून व व्यापारी यांच्या वर्गणीवर आणि देणग्यांवर. ठाण्यास १८९३ सालीं व मुंबईस १८९८ सालीं मराठी ग्रंथसंग्रहालयें निघालीं, तीं तर मराठींतील ग्रंथ एके ठिकाणीं जमावे या स्वभाषाभिमानानें लोकांनीं काढलीं. तेव्हां आमचीं ग्रंथालयें हीं सरकारी खातीं नव्हत. तीं सभासदांच्या संस्था होत. सूचनावहींत लिहिणारा मनुष्य अर्जदार नसून घरचा मालक आहे, आणि मालकाच्या प्रश्नास उत्तर देणें ही चालकांची मेहेरबानी नव्हे.

मग कायदे झाले. कोल्हापूर संस्थानानें १९४५ सालींच ग्रंथालयांचा कायदा केला होता. १९४८ सालीं मद्रास प्रांतानें, डॉ. रंगनाथन् यांच्या खटपटीमुळें, कायदा करून घरपट्टीबरोबर ग्रंथालयांसाठीं कर घेण्याची तजवीज केली. गोव्यानें १९९३ सालच्या कायद्यांत हा भार मद्यावर टाकिला. पिणाऱ्याच्या पैशानें वाचणाऱ्याची सोय व्हावी यांत थोडा विनोद असला तरी हिशेब वाईट नाहीं. महाराष्ट्राचा कायदा १९६७ सालचा, आणि त्याचा अंमल १ मे १९६८ पासून सुरू झाला; परंतु त्यांत करच ठेविला नाहीं. ग्रंथालय निधींत सरकारनें दरसाल निदान पंचवीस लाख रुपये घालावे एवढें लिहिलें, आणि त्यापुढील सर्व सरकारच्या मर्जीवर सोडलें. परिणाम असा झाला कीं, ग्रंथालय सभासदांच्या मालकीचें राहिलें, पण त्याच्या नाड्या खात्याच्या हातीं गेल्या.

वाचकाच्या प्रश्नास उत्तर न मिळण्याचें मूळ आमच्या मतें येथें आहे. तो चालकांस विचारतो तेव्हां चालक म्हणतात, "अनुदान वेळेवर येत नाहीं, आम्ही काय करणार?" तोच खात्याकडे गेला तर खातें म्हणतें, "ती स्वतंत्र संस्था आहे, तिच्या अंतर्गत कारभारांत आम्हांस पडतां येत नाहीं." दोघांचेंही म्हणणें अर्धें अर्धें खरें असतें. मधल्या मध्यें वाचक वर्गणी बंद करतो. वर्गणी बंद करणारा सभासद कारण लिहून ठेवीत नाहीं. तो नुसता येईनासा होतो, आणि वार्षिक अहवालांत 'वाचनाची आवड कमी होत चालली आहे' असें एक वाक्य त्याच्या नांवानें खर्चीं पडतें.

वेळेचाच प्रश्न घ्या. आमच्या पेठेंतील दुकानें रात्रीं नवाच्या सुमारास बंद होतात. कचेरींतला मनुष्य, रेल्वेचा किंवा एस. टी.चा प्रवास करून, सात-साडेसातापूर्वीं घरीं पोंचत नाहीं. ज्यांच्या वर्गणीवर वाचनालय उभें राहिलें तो व्यापारी व नोकरदार वर्ग मोकळा होतो त्याच सुमारास तेथें दिवे मालवले जातात. म्हणून 'वेळ वाढवा' ही सूचना वहींत पुनःपुन्हां येते, आणि ती अगदीं रास्त आहे. आतां दुसरी बाजू पाहूं. अनुदानांत २०१२ सालीं पन्नास टक्के आणि २०२२ सालीं साठ टक्के वाढ करण्याचें ठरलें. या दोन वाढींनंतर सर्वांत खालच्या, म्हणजे 'ड' वर्गाच्या ग्रंथालयास वर्षाचे ४८ हजार रुपये मिळावयाचे. त्यांतील निम्मी रक्कम वेतनाची धरली तर ग्रंथपालाच्या हातीं महिन्यास दोन हजार पडतात. दोन हजारांत पुस्तकें देणें-घेणें, झाडलोट, हिशेब आणि खात्याचे तक्ते भरणें इतकें करून रात्रीं नवापर्यंत बसणारा मनुष्य कोठून आणावयाचा?

पण हेंच उत्तर त्या रकान्यांत लिहिलें कां जात नाहीं? 'वेळ वाढविणें इष्ट आहे. जादा माणसास दरमहा इतके रुपये लागतील. अनुदानांतून इतकेच मिळतात. उरलेल्या रकमेसाठीं दर सभासदामागें वर्गणींत इतकी वाढ करावी लागेल. सभासदांची तयारी आहे काय?' असें चार ओळींचें उत्तर लिहिलें तर तक्रार करणारा मनुष्य त्या क्षणीं संस्थेच्या हिशेबांत भागीदार होतो. कदाचित् तो वर्गणी वाढविण्यास कबूल होईल. कदाचित् तो आपल्या आमदारास पत्र लिहील. कोरा रकाना ठेवून चालक आपली अब्रू झांकतात असें त्यांस वाटतें. वास्तविक ते सरकारची कुचराई झांकीत असतात, आणि दोष मात्र स्वतःच्या माथीं घेतात.

पुस्तकांच्या मागणीचा प्रश्न याहून नाजुक आहे. आमच्या ग्रंथालयांत येणारीं नवीं पुस्तकें तीन वाटांनीं येतात: संस्थेच्या पैशानें घेतलेलीं, कोणाच्या घरचीं कपाटें रिकामीं झाल्यामुळें देणगी म्हणून आलेलीं, आणि १९७२ सालीं कलकत्त्यास स्थापन झालेल्या राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठानासारख्या संस्थांच्या योजनांतून मिळणारीं. दुसऱ्या व तिसऱ्या वाटेनें येणाऱ्या पुस्तकांची निवड येथल्या वाचकाच्या हातीं नसते, हें उघड आहे. पहिल्या वाटेवर त्याचा हक्क चालावा. पण तेथें विक्रेत्याची सवलत किती हा विचार पुष्कळदां आधीं होतो, आणि कोणी काय मागितलें हा मागाहून. त्यामुळें एखाद्या गांवीं एकाच ठशाचीं चरित्रें कपाटभर दिसतात, आणि वस्तु व सेवा कराचें मराठींत समजेल असें पुस्तक मागणाऱ्या किराणा व्यापाऱ्यास 'नाहीं' असें उत्तर मिळतें.

हें 'नाहीं' कोठेंही लिहिलें जात नाहीं, ही खरी अडचण आहे. आमच्या व्यापारी वाचकांस हें निराळें सांगावयास नको. गिऱ्हाइकानें मागितलेला जिन्नस दुकानांत नसेल तर शहाणा वाणी तो मनांत टिपून ठेवितो, आणि तीन गिऱ्हाइकांनीं मागितला कीं पुढच्या खेपेस भरतो. ग्रंथालयांत दाखल नोंदवही असते. तींत आलेल्या पुस्तकांची नोंद होते. देवघेवीचें दप्तर असतें. त्यांत गेलेल्या पुस्तकांची नोंद होते. रोज किती वाचक आले त्यांच्या सह्यांचीही वही असते. परंतु मागितलें आणि मिळालें नाहीं अशा पुस्तकाची नोंद कोणीच ठेवीत नाहीं, आणि तपासणीस येणारे अधिकारीही ती मागत नाहींत. तारीख, पुस्तकाचें नांव, मागणाराचा सभासद क्रमांक, असे तीन रकाने आंखून ही वही प्रत्येक ग्रंथालयानें ठेवावी, ग्रंथनिवडीच्या बैठकींत ती टेबलावर असावी, आणि वर्गीकरणाची तपासणी करतांना खात्यानें तीही पाहावी अशी आमची सूचना आहे. यास फार तर चाळीस-पन्नास रुपयांची वही लागेल. रंगनाथन् यांनीं १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचे जे पांच नियम मांडले, त्यांचा सर्व रोख ग्रंथ उपयोगांत यावा व वाचकाचा वेळ फुकट जाऊं नये यांवर आहे. ते नियम फ्रेम करून भिंतीवर लावण्याची चाल आमच्याकडे पडली आहे. त्यांपैकीं एक तरी टेबलावर उतरला तर बरें.

अभ्यासिकेचा वाद हल्लीं जवळजवळ प्रत्येक मोठ्या गांवांत ऐकूं येतो. राज्य लोकसेवा आयोगाच्या व तत्सम परीक्षांस बसणारीं मुलें-मुली सकाळपासून खुर्च्या अडवितात, वर्तमानपत्र वाचावयास आलेल्या पेन्शनरांस जागा मिळत नाहीं, असें जुने सभासद लिहितात. तर पाणी नाहीं, पंखा बंद आहे, मुलींसाठीं प्रसाधनगृहाची सोय नाहीं, परीक्षा जवळ आल्यावर रविवारीं तरी उघडें ठेवा, असें तीं मुलें लिहितात. घरीं दोन खोल्यांत सहा माणसें राहतात अशा घरच्या मुलीस ही खुर्ची म्हणजे केवढी मोठी वस्तु आहे, तें ज्याच्या घरीं स्वतंत्र खोली आहे त्यास कळणें कठीण. आमचा कौल स्पष्टपणें त्या मुलीच्या बाजूस आहे. मात्र तिच्याकडून शुल्क घेतलें जात असेल तर त्याचा हिशेब वेगळा दाखवून त्यांतील पैसा तिच्याच सोयीवर आधीं खर्च झाला पाहिजे, आणि तिला परीक्षार्थी म्हणून एका कोपऱ्यांत न ठेवितां रीतसर सभासद करून घेतलें पाहिजे. आज ती प्रश्न विचारते तेव्हां 'तुम्ही सभासद नाहीं' म्हणून तिचें तोंड बंद करितां येतें. हें ज्या दिवशीं करितां येणार नाहीं त्या दिवशीं पंखा दुरुस्त होईल.

कांहीं प्रश्नांचें उत्तर कायद्यांतच आहे, पण तें टेबलामागच्या माणसास ठाऊक नसतें. जुना, बाजारांत न मिळणारा ग्रंथ वाचक मागतो; ग्रंथपाल म्हणतात, प्रत जीर्ण आहे, बाहेर देतां येत नाहीं, आणि नक्कल काढणें बेकायदा आहे. त्यांतील दुसरें म्हणणें पुष्कळ ठिकाणीं चुकीचें असतें. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षें उलटलीं कीं त्यानें हयातींत प्रसिद्ध केलेल्या ग्रंथावरील हक्क संपतो. हरिभाऊ आपटे १९१९ सालीं, राजवाडे १९२६ सालीं व ज्ञानकोशकार केतकर १९३७ सालीं वारले; त्यांच्या अशा ग्रंथांची नक्कल काढण्यास कोणाचीही परवानगी नको. हक्क चालू असलेला ग्रंथही हिंदुस्थानांत विकत मिळत नसेल, तर सार्वजनिक ग्रंथालयाच्या प्रमुखास ग्रंथालयाच्या उपयोगासाठीं त्याच्या तीन प्रतींपर्यंत नकला करून घेतां येतात. अंध वाचकांविषयीं तर १९५७ सालच्या कायद्यांत २०१२ सालीं मुद्दाम दुरुस्ती केली आहे. दृष्टिहीन मनुष्यास उपयोगी पडेल अशा रूपांत, म्हणजे ध्वनिमुद्रित किंवा ब्रेल प्रतींत, ग्रंथ करून देणें हें नफा न घेतां केलें तर हक्कभंग होत नाहीं. गांवांतील चार सुशिक्षित गृहिणींनीं आठवड्यास दोन तास वाचून दिलें तर वर्षांत एक चांगला संग्रह उभा राहील. जिन्याचा प्रश्नही असाच. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ सालचा व त्याचे नियम २०१७ सालचे; जुन्या सार्वजनिक इमारतींत त्यांस जातां-येतां येईल अशी सोय करण्यास पांच वर्षांची मुदत होती, ती केव्हांच उलटली. उद्वाहन बसविण्याची ऐपत नसेल तर देवघेवीचें टेबल तळमजल्यावर आणावें. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं १९१० सालीं अमेरिकेहून बोर्डन यांस बोलावून ग्रंथालयें उभारलीं, तेव्हां फिरत्या ग्रंथपेट्या खेडोपाडीं जात असत. आमच्या शहरांतून एका गल्लींतून दुसऱ्या गल्लींत पुस्तक जाऊं नये याचें आश्चर्य वाटतें.

आतां वाचकाच्या हातीं काय आहे तें पाहूं. आमचीं बहुतेक ग्रंथालयें १८६० सालच्या संस्था नोंदणी कायद्याखालीं व १९५० सालच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीं नोंदलेलीं आहेत. पहिल्या कायद्याच्या कलम १५ प्रमाणें, जो रीतीप्रमाणें दाखल झाला व वर्गणी भरतो तो सभासद. आणि ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली त्यास मत नाहीं. पण येथें एक खोंच आहे. कित्येक संस्थांच्या घटनेंत पुस्तकें घरीं नेणारा तो 'वर्गणीदार' आणि मत देणारा तो 'सभासद' असा भेद केलेला असतो. वर्षानुवर्षें पैसे भरणाऱ्या मनुष्यास आपण मतदार नाहीं हें निवडणुकीच्या दिवशीं कळतें. म्हणून प्रत्येकानें आधीं घटनेची प्रत मागून घ्यावी. चालकांनीं ती दिली नाहीं तरी निबंधकाकडे दाखल झालेले कागद ठरलेली फी भरून कोणासही पाहतां येतात; तसें त्याच कायद्याच्या कलम १९ मध्यें लिहिलें आहे.

माहितीच्या अधिकाराचा २००५ सालचा कायदाही येथें उपयोगी पडण्यासारखा आहे. सरकारी द्रव्यावर मोठ्या प्रमाणांत चालणारी बिनसरकारी संस्था त्याच्या कक्षेंत येते. 'मोठ्या प्रमाणांत' म्हणजे किती, यावर सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं थलप्पालम सहकारी बँकेच्या प्रकरणांत असा विचार सांगितला कीं, मदत नांवापुरती नसावी. ती नसती तर संस्थेस तग धरणें कठीण व्हावें इतकी ती खरीखुरी असावी. २०१९ सालीं डी. ए. व्ही. महाविद्यालय विश्वस्त संस्थेच्या प्रकरणांत त्याच न्यायालयानें म्हटलें कीं, ती निम्म्याहून अधिकच पाहिजे असें नाहीं. ज्या ग्रंथालयाचा पगार आणि पुस्तकें दोन्ही अनुदानावर चालतात, त्यानें या कसोटीपुढें आढेवेढे घेऊं नयेत. तरीही आमचा सल्ला असा कीं, या कायद्याचा अर्ज हा शेवटचा उपाय समजावा. शेजारच्या आळींत राहणाऱ्या कार्यवाहांस विचारावयाच्या प्रश्नासाठीं अपिलापर्यंत जाणें हें दोन्ही पक्षांस शोभणारें नाहीं.

आणि वाचकांनींही आपल्या लेखणीस थोडा आळा घालावा. आम्हीं पाहिलेल्या वह्यांत निनांवी शिव्या आहेत, ग्रंथपालाच्या जातीचा उद्धार आहे, आणि पान फाडून नेल्याच्या खुणाही आहेत. 'कारभार सुधारा' या सूचनेस ब्रह्मदेवासही उत्तर देतां येणार नाहीं. 'बुधवारीं सायंकाळीं सहा वाजतां देवघेवीस कोणी नव्हतें, मीं वीस मिनिटें वाट पाहिली' या सूचनेस मात्र उत्तर द्यावेंच लागतें. नांव, सभासद क्रमांक, तारीख, घडलेली गोष्ट आणि काय व्हावें तें एका वाक्यांत, इतकें लिहिलें म्हणजे पुरे. चालकांनीं पंधरा दिवसांत, होय, नाहीं किंवा विचार चालू आहे, यांपैकीं एक शब्द व त्याचें कारण लिहून सही करावी. महिन्याच्या अखेरीस अशीं उत्तरें फलकावर लावावीं. वार्षिक अहवालांत जमाखर्चाच्या पानापुढें, किती सूचना आल्या, किती मान्य झाल्या व किती नाकारल्या, याचें एक पान छापावें.

हें पान छापा असें सांगणारा ठराव कार्यकारी मंडळ आपण होऊन करील अशी आशा आम्ही बाळगीत नाहीं. तो सर्वसाधारण सभेंत आणावा लागेल. तेथें सूचना मांडणारे सभासद बहुधा 'आयत्या वेळचे विषय' येईपर्यंत थांबतात. तोंपर्यंत आभारप्रदर्शनाची घाई सुरू झालेली असते आणि चहाचे कप वाजूं लागलेले असतात. म्हणून ठराव आधींच लेखी द्यावा, घटनेंत नोटिशीची जी मुदत असेल ती चुकवूं नये, त्याखालीं दुसऱ्या एका सभासदाचें अनुमोदन घ्यावें आणि दिल्याची पोंच घ्यावी. आणि कलम १५ मधील तीन महिन्यांची अट ध्यानांत धरून, सभेस निघण्यापूर्वीं चालू वर्गणीची पावती खिशांत आहे कीं नाहीं तें पाहून घ्यावें.